खोती गेली, वाडा राहिला : उच्चवर्ग आपले स्थान कसे टिकवितो?

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात कोकणातील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "खोती कायद्याने बंद झाली असे तुम्ही सांगता. मग आमच्या गावात खोताचा वाडा अजून उभा कसा? आणि त्या घरातली माणसे आजही मोठमोठ्या हुद्द्यांवर कशी?" वर्गातील ज्येष्ठ मंडळी क्षणभर गप्प झाली. आपल्याकडे या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक म्हणजे, ते जात्याच हुशार. दुसरे म्हणजे, ते जात्याच लबाड. पहिले उत्तर देणारा हात जोडून मोकळा होतो, दुसरे देणारा शिव्या देऊन मोकळा होतो. वाडा मात्र जागचा हलत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आपण खोतीचेच उदाहरण घेऊन उच्चवर्ग आपली संपत्ती, प्रतिष्ठा व सत्ता पिढ्यान्‌पिढ्या कशी राखतो, याचा विचार करणार आहोत.

खोती म्हणजे काय?

रत्नागिरी व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत व ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत खोती पद्धत होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरागत हक्क खोताकडे असे. सरकारला द्यायची रक्कम ठरलेली, पण कुळाकडून घ्यायचे ते त्याहून कितीतरी अधिक. मधला फरक खोताचा. भाताच्या जमिनीत अर्धे पीक म्हणजे अर्धेल, आणि वरकस जमिनीत तिसरा हिस्सा म्हणजे तिर्धेल, असा साधारण दर होता. उभ्या पिकाचा अंदाज बांधायला, म्हणजे अभावणीला, खोताची माणसे शेतावर येत. त्यांनी लिहिले ते पीक, मग खळ्यावर प्रत्यक्षात कितीही निघो. याशिवाय खोताच्या शेतावर वेठ होतीच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उच्चवर्ग म्हणजे केवळ एक जात नव्हे. खोतांमध्ये ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळांमध्ये कुणबी, आगरी, महार आणि इतर अनेक होते. जातीने या व्यवस्थेला बळ दिले हे खरेच, परंतु व्यवस्था चालत होती ती हितसंबंधांवर.

चुलीचे तीन दगड

आपल्या घरातली जुनी चूल तीन दगडांची असे. उच्चवर्गाचे भांडेही तीन दगडांवर उभे असते. संपत्ती, प्रतिष्ठा आणि सत्ता हे ते तीन दगड.

पहिला दगड संपत्तीचा. खोताकडे जमीन होती, पण जमिनीइतकीच मोलाची दुसरी वस्तू त्याच्याकडे होती, ती म्हणजे वही. कुळ नांगर धरी आणि खोत लेखणी धरी. किती दिले, किती राहिले, कोण किती वर्षे कोणते शेत कसतो, हे सारे खोताच्या कागदात. पावती मागावी हे कुळाला ठाऊक नव्हते, आणि मिळाली तरी ती वाचता येत नव्हती. उद्या कचेरीत वाद गेला तर साक्ष कागदाची, घामाची नव्हे.

दुसरा दगड प्रतिष्ठेचा. शिमग्याच्या पालखीचा पहिला मान कोणाचा, कोणाच्या अंगणात चपला काढून उभे राहायचे, कोणाला 'अहो' म्हणायचे आणि कोणाला 'अरे', हे सारे ठरलेले. या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. परंतु ज्याच्यापुढे रोज मान लववावी लागते, त्याच्याकडे पावती मागायला जीभ उचलत नाही. मानपान हा खोताचा बिनपगारी शिपाई होता.

तिसरा दगड सत्तेचा. इंग्रजी अमलात कायदेमंडळे आली, पण सर्वांना मत नव्हते. सारा भरणारा, कर भरणारा, शिकलेला अशा काही थोड्यांनाच मताचा अधिकार. म्हणजे ज्याच्याकडे जमीन त्याला मत, आणि ज्याला मत त्याच्या सोयीचा कायदा. कायदा पुन्हा त्याच्याच जमिनीचे रक्षण करणार.

शिक्षणाचेही तसेच. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके हेच दाखविले. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा आक्षेप होता. खोताची वही टिकली ती कुळाच्या निरक्षरतेवर, आणि खोताचा मुलगा वकील झाला तो कुळाच्या साऱ्यावर.

लढा आणि कायदा

या व्यवस्थेला हादरे बसले ते कष्टकऱ्यांच्या संघटनेमुळे. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार झाला. आसपासच्या पंचवीस गावांची शेते सुमारे सहा वर्षे ओस राहिली. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासे धरून दिवस काढले, पण नांगर धरला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्या मोर्चात अस्पृश्य कुळेही होती आणि स्पृश्य कुळेही. तरीही ते विधेयक त्या वेळी कायदा होऊ शकले नाही. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. विधेयकापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे गेली. ही बारा वर्षे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावीत, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात दडलेले आहे.

वाडा का पडला नाही?

एक दगड डळमळू लागला की शहाणा उच्चवर्ग त्याची किंमत दुसऱ्या दगडात वळवून घेतो. जमीन जाणार हे दिसू लागले तेव्हा सुस्थितीतल्या घरांनी मुलांना पुण्या-मुंबईला शिकविले. कोणी वकील झाला, कोणी डॉक्टर, कोणी सरकारी अंमलदार. जमिनीचा पैसा शिक्षणात गेला, शिक्षणातून हुद्दा आला, हुद्द्यातून शहरात घर आले. सोयरीकही तशाच घरांत झाली. जातीचे मूळ स्वजातीय विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडले होते. आपल्यातच लग्न केले की रक्तच नव्हे, तर मालमत्ता आणि ओळखीपाळखीही घरातच राहतात.

खोती गेली तरी खोताच्या स्वतःच्या वहिवाटीची जमीन त्याच्याकडे राहिली. पुढे कसेल त्याची जमीन हे तत्त्व कुळकायद्याने मान्य केले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. पण ज्या कुळाचे नाव कागदावर नव्हते, ज्याने भिडेपोटी किंवा भीतीपोटी जमीन सोडल्याचे लिहून दिले होते, त्याच्या हाती काही लागले नाही. कायदा आला तेव्हा सत्तेचा दगड हलला, पण प्रतिष्ठेचा दगड जागेवर होता. त्याच्या दबावाने कागद लिहून घेतले गेले.

मुंबईतही तोच धडा

खोतीच्या जाचाला कंटाळून आपले वाडवडील मुंबईत आले. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका येथे ते राबले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नव्हे, असा अर्थ झाला. लोकांचा हिस्सा एकदम आक्रसला. हा वाद न्यायालयात गेला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. दंगा नाही, मारामारी नाही. नियमातले काही शब्द बदलले आणि शेकडो एकरांचे भवितव्य बदलले. अभावणीच्या वहीचेच हे नवे रूप होय.

वारशाचेही पाहा. मृत्यूनंतरच्या मोठ्या मालमत्तेवर १९५३ साली बसविलेला संपदा शुल्काचा कर १९८५ साली रद्द झाला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला व त्याऐवजी कोटीवरील उत्पन्नावरचा अधिभार वाढविला गेला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, असे कारण दोन्ही वेळा दिले गेले. ते कारण खोटे नसेलही. परंतु कराची वसुली इतकी थोडी का होत होती, हा प्रश्न विचारणारे आपल्यातले किती होते? संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, असे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये लिहिलेले आहे. ते वाचून सरकारला जाब विचारणे हे आपलेच काम आहे.

आपल्यासाठी बोध

आता शेवटची आणि थोडी कडू गोष्ट. आरक्षणामुळे आणि आईवडिलांच्या कष्टांमुळे आपल्यातही अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर झाले, हा अभिमानाचा विषय आहे. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण विसरता कामा नये. आपल्यातला सुस्थितीतला माणूस वस्तीत येईनासा झाला, संस्थेचे पद घरातच ठेवू लागला, हिशेब विचारणाऱ्यावर डोळे वटारू लागला, तर तो छोटा खोतच नव्हे काय? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी वारसनोंद करताना बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारे भाऊ आपल्या समाजातही आहेत. भिडेपोटी सही घेणे हीच तर खोताची रीत होती.

उच्चवर्गाकडून शिकण्यासारखे एक आहे. तो कागद जपतो, मुलांच्या शिक्षणावर पैसा लावताना हात आखडत नाही, आणि कायदा होण्यापूर्वी वाचतो. हे तिन्ही आपण करू शकतो. फरक इतकाच असावा की, त्याने हे घरासाठी केले, आपण ते समाजासाठी करावे. सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून वाचा. संस्थेच्या सभेत हिशेबाचे पान स्वतः पाहा. वस्तीतल्या एका तरी मुलाची फी कोणाला न सांगता भरा. वाडा पाडण्याची गरज नाही. वाड्यातली वही सर्वांना वाचता आली पाहिजे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. संपत्ती, प्रतिष्ठा व सत्ता यांपैकी एकच काढून घेतली तर काय होते? खोतीच्या उदाहरणाने सांगा.

२. आपल्या गावी पूर्वी खोत, वतनदार किंवा सावकार कोण होते? आज त्या घराण्यांची व त्यांच्या कुळांची स्थिती काय आहे? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

३. आपल्या घराच्या सातबाऱ्यावर आजीचे, आत्याचे व बहिणीचे नाव आहे का? नसल्यास का नाही?