घाम, जीभ आणि चिखल

इ. स. १७७४ सालीं लंडन शहरांत डॉ. जॉर्ज फॉर्डाइस यांच्या तापविलेल्या खोलींत डॉ. चार्ल्स ब्लॅग्डन व त्यांचे कांहीं विद्वान् मित्र जाऊन उभे राहिले. पुढें खोलीची उष्णता फॅरनहाइटच्या २६० अंशांपर्यंत चढविण्यांत आली. पाणी २१२ अंशांवर उकळतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. आंत ठेविलेलीं अंडीं वीस मिनिटांत घट्ट शिजलीं. माणसें मात्र कांहीं मिनिटें राहून सुखरूप बाहेर आलीं. एक कुत्रीही टोपलींत बसवून अशाच उष्णतेंत ठेविली होती. टोपली एवढ्याचसाठीं कीं, तिचे पाय भाजूं नयेत. अर्ध्या तासानें तीही धडधाकट निघाली.

अंडें शिजलें आणि कुत्री वांचली, हें कसें? जिवंत शरीर पाणी बाहेर टाकतें, व तें वाळतांना अंगाची उष्णता घेऊन जातें. माठांतील पाणी गार होतें तें ह्याच कारणानें.

परंतु हें काम प्रत्येक प्राणी आपापल्या परीनें करितो. मनुष्याच्या त्वचेंत घामाच्या ग्रंथि वीस लाखांहून अधिक आहेत, आणि अंगावरील केस बारीक असल्यामुळें घाम लवकर वाळतो. घोडा तेवढा आपल्यासारखा घामानें निथळतो. कुत्र्यास घाम येतो तो बहुतेक पंजांच्या तळव्यांसच. म्हणून तो ओली जीभ बाहेर काढून धापा टाकितो. उन्हाळ्यांत केवळ एवढ्यावरून त्यास पिसाळलेला ठरवून मुलें दगड मारितात. तो बिचारा आपल्या परीनें घामच गाळीत असतो!

म्हशीची गोष्ट निराळी. तिची कातडी काळी, म्हणून ऊन अधिक शोषते, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथि गाईच्या मानानें फारच थोड्या. जें पाणी आंतून मिळत नाहीं, तें ती बाहेरून घेते. ती डबक्यांत लोळते तें आळसानें नव्हे. चिखल पाण्यापेक्षां सावकाश वाळतो, म्हणून गारवा अधिक वेळ टिकतो, व माशांपासूनही बचाव होतो. स्वच्छतेच्या हेतूनें जो मालक तिला दिवसभर उन्हांत खुंट्यास बांधतो, तो तिचा घामच हिरावून घेतो. दूध आटलें म्हणजे मात्र चाऱ्यास बोल लावितो. डबकें नसल्यास तिला झाडाखालीं बांधून दुपारीं दोनतीन वेळां अंगावर पाणी ओतावें.

आतां मनुष्याविषयीं एक गोष्ट. ब्लॅग्डन यांच्या खोलींतील हवा कोरडी होती. हवा दमट असली म्हणजे घाम वाळत नाहीं, नुसता गळतो. मग १०० अंशांच्या उष्म्यांतही कष्ट करणारा मनुष्य दगावूं शकतो. शेतांत कोणी अडखळूं लागला, भलतेंच बडबडूं लागला, तर त्यास तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर पाणी ओतून वारा घालीत राहावें व डॉक्टरांस बोलावणें पाठवावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत पाणी घालूं नये.