माल आपला, नाव कोणाचे?

लघुउद्योजकापुढे प्रारंभी भांडवलाचा आणि कच्च्या मालाचा प्रश्न असतो. तो कसाबसा सुटला की विक्रीचा प्रश्न उभा राहतो, आणि तयार माल सुटा घाऊक व्यापाऱ्याच्या हवाली करणे हेच त्याचे सर्वांत सोपे उत्तर ठरते. महिला बचत गटाने कांडलेला मसाला व्यापारी आपल्या पाकिटात भरतो आणि पुढच्या खेपेस ग्राहक त्याच पाकिटाच्या नावाने मसाला मागतो. चव गटाची आणि कष्टही गटाचे. परंतु त्यातून निर्माण झालेली पत दुसऱ्याच्या नावे जमा होते. यात व्यापाऱ्याचा दोष नाही. पाकिटाचा खर्च आणि माल न खपण्याचा धोका त्याने पत्करलेला असतो. मात्र उद्या त्याने दुसरीकडून स्वस्त मसाला घेतला, तर गटाजवळ स्वतःचा म्हणावा असा एकही ग्राहक उरत नाही. म्हणूनच स्वतःच्या नावाने विक्री करणे ही हौस नसून धंद्याच्या स्थैर्याची गरज आहे.

आधी दर्जा, मग नाव

व्यापारी नाव म्हणजे पाकिटावरील सजावट नव्हे. मागील वेळी मिळाला तसाच माल याही वेळी मिळेल, असे ते ग्राहकाला दिलेले वचन होय. या दृष्टीने ‘लिज्जत’ पापडाचे उदाहरण अभ्यसनीय आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईतील गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांच्यापैकी श्रीमती जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. आरंभी या महिला दोन प्रतींचे पापड करीत आणि हलक्या प्रतीचे कमी दराने विकीत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच प्रत ठेवावी आणि दर्जाशी कधीही तडजोड करू नये, असा सल्ला दिला. तो मानण्यात आला. ‘लिज्जत’ हे नाव त्यानंतर, 1962 मध्ये निवडण्यात आले. पुढे काम हजारो घरांत पसरले, तरी पीठ केंद्रावरच ठराविक प्रमाणात मळून सभासदांना देण्याची आणि लाटलेले पापड तपासून स्वीकारण्याची पद्धत ठेवण्यात आली. लाटणारे हात अनेक असूनही चव एक राहिली, याचे मर्म या पद्धतीत आहे.

लहान उत्पादकालाही हे साध्य करता येते. घटकांचे प्रमाण अंदाजाने न घेता वजनाने घ्यावे व ते लिहून ठेवावे. प्रत्येक घाण्याचा थोडा नमुना तारीख घालून बाजूला ठेवावा. तक्रार आली, तर चूक कोठे झाली हे त्यावरून कळते.

नावाची निवड आणि नोंदणी

नाव उच्चारण्यास सोपे व लक्षात राहणारे असावे. पण तेवढ्याने भागत नाही. ‘चविष्ट मसाला’ किंवा ‘उत्तम लोणचे’ यांसारखी केवळ गुण सांगणारी नावे कोणीही वापरू शकतो. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 अन्वये अशा वर्णनात्मक नावांची नोंदणी सहसा होत नाही. मालाशी थेट संबंध नसलेले, वेगळे वाटणारे नाव कायद्याच्या दृष्टीने अधिक बळकट असते. तसेच नाव किंवा त्याच्याशी मिळतेजुळते चिन्ह आधी कोणी नोंदविले आहे काय, याचा शोध पाकिटे छापण्यापूर्वीच घ्यावा. हजारो पाकिटे छापल्यावर हरकत आली, तर ती रद्दीत जातात.

नोंदणीसाठी मालाचे वर्ग ठरविलेले आहेत. मसाले 30 व्या वर्गात येतात, तर लोणची 29 व्या वर्गात. दोन्ही वस्तू करणाऱ्याने ही बाब ध्यानात घ्यावी. नोंदणी 10 वर्षे टिकते व पुन्हा नूतनीकरण करता येते. गटाचे नाव एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक नावावर नोंदविल्यास पुढे वाद उद्भवतात. मालकी कोणाची, हे आरंभीच लेखी ठरवावे.

गावाच्या नावाची गोष्ट वेगळी आहे. सोलापुरी चादर, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण आहे. असे नाव एकट्याच्या मालकीचे होत नाही. ते त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते. त्या कारागिरांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी आणि सामाईक नावाबरोबर स्वतःचे नावही ठळक करावे.

पाकीट आणि किंमत

पाकीट आकर्षक असावे, परंतु त्याआधी ते पूर्ण असावे. उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील कायद्याने आवश्यक आहे. खाद्यपदार्थांवर घटक, टिकण्याचा कालावधी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांकही द्यावा लागतो. हा मजकूर ओझे मानू नये. अनोळखी ग्राहकाचा विश्वास प्रथम त्यावरच बसतो.

किंमत ठरविताना सर्वाधिक चूक होते ती स्वतःची मजुरी न धरण्यात. समजा, 200 ग्रॅम मसाल्यासाठी जिन्नस 62 रुपये, भाजणे व दळणे 8, पाकीट 6, वाहतूक 5 आणि मजुरी 14, असा एकूण 95 रुपये खर्च आला. पाकिटावरील किंमत 120 रुपये असून दुकानदाराने त्यावर 20 टक्के कमिशन घेतले, तर उत्पादकाच्या हाती 96 रुपये येतात. मजुरी न धरता 15 रुपये नफा दिसतो. प्रत्यक्षात तो एकच रुपया असतो. त्यात करभार, परत आलेली पाकिटे आणि थकलेली उधारी मिळविली की तोटाच उरतो. अशा वेळी जिन्नस हलके करण्यापेक्षा किंमत नव्याने बांधणे, अथवा प्रदर्शने व आठवडे बाजार यांतून थेट विक्री वाढविणे श्रेयस्कर होय. मात्र थेट विक्रीतही जाण्यायेण्याचा व स्वतःच्या वेळेचा खर्च हिशेबात धरावा.

पत जपण्याची कसोटी

नावाची खरी कसोटी मागणी वाढते तेव्हा लागते. दिवाळीच्या तोंडावर शंभर पाकिटांची क्षमता असताना पाचशेंची मागणी येते. बाहेरचा माल आणून आपल्या पाकिटात भरण्याचा मोह अशाच वेळी होतो. त्यातून चार पैसे मिळतात, पण घरोघरी पोहोचलेल्या त्या चारशे पाकिटांवर नाव आपले असते. जेवढे उत्तम करता येईल तेवढेच स्वीकारावे आणि उरलेल्या मागणीस पुढील तारीख द्यावी. तक्रार आल्यास वाद न घालता पाकीट बदलून द्यावे व कारण शोधावे.

सुटा माल विकणाऱ्याचा व्यवहार पैसे हाती पडताच संपतो. नावाने माल विकणाऱ्याचा व्यवहार मात्र ग्राहक दुसऱ्यांदा येतो तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू होतो. पहिले पाकीट रंगीत छपाईमुळे खपू शकते. दुसरे खपते ते केवळ पहिल्यातील मालामुळे. ही गोष्ट ज्या उत्पादकाने ओळखली, त्याच्या कष्टांची पत त्याच्याच नावे जमा होईल.