घरी गाडी बांधताना

देवराष्ट्रे (जि. सांगली) येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांपासून किकने सुरू होणारी चारचाकी बनविली. ती नियमांत बसत नाही हे ओळखून उद्योजक आनंद महिंद्रा यांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली.

माणगाव परिसरातील शेतकरी बंधूंनी हौसेने जुनी जीप बांधताना पुढील काळजी घ्यावी :

१) कोकणच्या पावसात सांगाडा आतून गंजतो. रंग खरवडून, हातोडीने ठोकून पाहावे.
२) वेल्डिंगपूर्वी बॅटरी व इंधनटाकी काढावी.
३) इंजिनाआधी ब्रेक व स्टिअरिंग दुरुस्त करावे.
४) मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२).

मंजुरी नसलेली गाडी महामार्गावर नेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडू शकते.