सावली, तारे आणि घड्याळ

मुलांनो, मशिदीत लावलेले नमाजाचे वेळापत्रक तुम्ही पाहिले असेल. त्यात जवालची वेळ वर्षभर बदलत असते. महाड-पोलादपूरकडे ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी १२.२० च्या सुमारास असते, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.५० च्या सुमारास. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले, असे आपण म्हणतो. मग घड्याळात बारा का वाजत नाहीत?

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. महाड त्याच्या पश्चिमेला सुमारे नऊ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून आपल्याकडे मध्यान्ह सरासरी ३६ मिनिटे उशिरा होते. (ही प्रमाणवेळ १९०६ साली आली, मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही!) शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्य कधी १६ मिनिटे पुढे, तर कधी १४ मिनिटे मागे असतो.

पोलादपूर महाडच्या किंचित पूर्वेला आहे. तेथे मध्यान्ह दहा-बारा सेकंद आधी होते. शाळेच्या अंगणात काठी रोवून हा फरक कळेल का? नाही. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड पुसट पडते. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्यावर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत. पण कड तेथेही पुसटच!

तारा मात्र ठिपक्यासारखा दिसतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ उत्तर-दक्षिण रेषेत दुर्बीण पक्की बसवत आणि ठरलेला तारा ती रेषा केव्हा ओलांडतो, ते टिपत. तोच तारा २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांनी पुन्हा तेथे येतो. त्यावरून घड्याळ लावत. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, ती अशा कामांसाठीच. जहाजाच्या घड्याळात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्ताजवळ जागा जवळजवळ दोन किलोमीटरने चुकते. समोर खडक असेल तर?

पुढे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येऊ लागली. तेव्हा, १९३० नंतरच्या काळात, क्वार्ट्झच्या घड्याळांनी दाखवून दिले की खुद्द पृथ्वीच सारख्या गतीने फिरत नाही. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सिझियमच्या अणूवरून करण्यात आली. अणुघड्याळ पृथ्वीशी जुळते ठेवण्यासाठी १९७२ ते २०१६ या काळात २७ सेकंद जादा घालावे लागले. त्यांतला शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी सकाळी साडेपाचच्या आधी आला. त्या एका मिनिटात ६१ सेकंद होते.