जुने क्लॅरिनेट पारखताना

क्लॅरिनेट शिकू लागलेला विद्यार्थी बहुधा प्लॅस्टिकच्या वाद्यावर हात बसवतो. पुढे त्याला लाकडी वाद्य हवेसे वाटते. परंतु नव्याची किंमत घराला झेपतेच असे नाही. बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबापुढे अशा वेळी जुन्या वाद्याचा पर्याय उभा राहतो. त्यात चूक झाली, तर पैसे जातात एवढेच नव्हे. वाद्याचा दोष विद्यार्थी स्वतःचा समजू लागतो.

सर्वप्रथम स्वर तपासावा. या शहरात १८०९ साली इंग्रजांची छावणी वसली. हाती आलेले फार जुने वाद्य एखाद्या लष्करी बँडमधले असू शकते. ब्रिटिश लष्करी बँड १९२०च्या दशकापर्यंत आजच्यापेक्षा उंच स्वर वापरीत. आज मध्य सप्तकातील 'ए' स्वराची आंदोलने सेकंदाला ४४० मानतात. तेव्हा ती ४५२च्या आसपास असत. असे वाद्य सांध्यात सैल करून उतरवता येत नाही. काही स्वर जास्त उतरतात, काही कमी, आणि मेळ बिघडतो.

त्यानंतर चाव्यांची रचना पाहावी. आज बहुतेक ठिकाणी शिकवली जाते ती पद्धती क्लोझे आणि ब्युफे यांनी पॅरिसमध्ये सिद्ध केली. तिचे एकस्व १८४४चे आहे. तीत सामान्यतः सतरा चाव्या व सहा कडी असतात. याहून जुन्या रचनेची बोटे वेगळी पडतात. म्हणून गुरूंना विचारल्यावाचून ती घेऊ नये.

लाकडाला, विशेषतः वरच्या भागाच्या छिद्रांजवळ, तडा आहे काय, हे उजेडात पाहावे. मग वरच्या भागाची सर्व छिद्रे बोटांनी झाकावीत, खालचे तोंड तळव्याने बंद करावे आणि वरून हवा ओढावी. ओढ काही क्षण टिकली, तर गाद्या नीट बसतात. ती लगेच सुटली, तर हवा कोठेतरी गळते; मग खालचे स्वर कितीही फुंकले तरी नीट उमटत नाहीत. गाद्या व बूच बदलता येतात. तो खर्च मात्र किमतीत आधीच धरावा.

चाव्यांची चकाकी शेवटी पाहावी. शक्य तर गुरूंनीच वाद्य वाजवून पाहावे, आणि मग विद्यार्थ्याने.