कोविडनंतर पुन्हा चालायला लागताना

ताप उतरला की लगेच टेकडी चढायला निघू नका. कोरोनाचा विषाणू फुप्फुसांपुरता थांबत नाही. त्याने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठण्याचा कल वाढतो आणि क्वचित हृदयाचा स्नायूही सुजतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदी तपासून झियाद अल-अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की संसर्गानंतर वर्षभर हृदयविकार, पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो. दवाखान्यात भरती व्हावं न लागलेल्यांमध्येही तो वाढलेला होता. त्यामुळे ‘मला तर साधाच झाला होता’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

आधी स्वतःला विचारा: छातीत दुखतं का? बसल्या जागी धडधडतं का? चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का? पाय सुजतात का? यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते ईसीजी काढतील, गरजेनुसार ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि टू-डी इको सांगतील. छातीत दाब येऊन घाम फुटला, अचानक धाप लागली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

तक्रार नसेल तर घरी नाडी पाहा. या पायरीवर घाई नको, कारण नुसतं बसून मोजलेली नाडी पुष्कळदा फसवते. सकाळी चहाच्या आधी, घरातलं कोणीतरी जवळ असताना, दहा मिनिटं शांत पडून राहा. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा आणि लिहून ठेवा. मग भिंतीजवळ उभे राहा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजा. ऑक्सिमीटर असेल तर त्यावरचा नाडीचा आकडाही चालेल. घेरी आल्यास लगेच आडवे व्हा, चाचणी तिथेच संपली. उभं राहिल्यावर ठोके तीस किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहत असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. कोविडनंतर असा त्रास अनेकांना होतो. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्यांना परत पाठवलं जातं, तेव्हा हे लिहिलेले आकडे फार उपयोगी पडतात.

आकडे ठीक असतील तर सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करा. खरा निकाल मात्र त्याच दिवशी कळत नाही. पुढचे दोन दिवस पाहा. अंग गळून गेलं, डोकं जड झालं, झोपूनही थकवा उतरला नाही, तर पुढच्या वेळी निम्मंच चाला. नेट लावून हा थकवा जात नाही, उलट वाढतो. दोन दिवस ठीक गेले तरच थोडी मिनिटं वाढवा. जिने, चढ आणि वजनं सगळ्यात शेवटी.

रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू ठेवा. २०२० मध्ये रक्तदाबाच्या काही गोळ्यांबद्दल भीती पसरली होती. पुढच्या चाचण्यांत त्या बंद केल्याने फायदा दिसला नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं असेल, तर वरची कृती तुमच्यासाठी नाही. तीन ते सहा महिने दमवणारा व्यायाम आणि खेळ बंद ठेवावे लागतात आणि पुन्हा तपासणी झाल्यावरच डॉक्टर परवानगी देतात. घरातलं तरुण, खेळणारं मूल असेल तर प्रशिक्षकालाही हे स्पष्ट सांगा.