औषधे दोन, रुग्ण एक
रक्ताच्या कर्करोगावरील गोळी व प्रतिजैविक यांच्या परस्परपरिणामाविषयी



आपल्या देणगीतून गरजू रुग्णाला औषध मिळते. परंतु ते औषध त्याच्या शरीरात पुरेशा प्रमाणात टिकले, तरच देणगीचे सार्थक होते. यंदाच्या अहवालात याच विषयाची थोडी उकल करण्याचे आम्ही योजिले आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक कर्करुग्णांचा उपचार दोन ठिकाणी विभागलेला असतो. निदान व मुख्य उपचार मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, हैदराबादेत, बार्शीत किंवा छत्रपती संभाजीनगरात होतात. ताप, खोकला, जुलाब यांवरील इलाज मात्र गावातल्या दवाखान्यात. एका डॉक्टरांचे औषध दुसऱ्यांना ठाऊक नसते. धोका नेमका इथे उद्भवतो.

इमॅटिनिब : एक उदाहरण

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. यात ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून निर्माण होणारे सदोष प्रथिन पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ घडवते. हे प्रथिन निष्प्रभ करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्यता पावले आणि या आजाराचे रूपच पालटले. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटची मागणी फेटाळली. त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आज योग्य उपचार घेणारे बहुतेक रुग्ण शेती, नोकरी, संसार सांभाळत वर्षानुवर्षे जगतात. अट एकच : गोळीत खंड पडता कामा नये आणि रक्तातील तिचे प्रमाण घटता कामा नये.

यकृतातील हमाल

मोंढ्यात आलेला माल हमाल उचलून मार्गी लावतात, तसेच यकृतातील विकर (एन्झाइम) शरीरात आलेल्या औषधाची विल्हेवाट लावतात. इमॅटिनिबची विल्हेवाट मुख्यतः सीवायपी३ए४ नावाचे विकर लावते. काही प्रतिजैविके या हमालांची संख्या वाढवतात, तर काही त्यांचे हात बांधून ठेवतात. पहिल्या प्रकारात औषध वेळेआधीच नाहीसे होते. दुसऱ्या प्रकारात ते रक्तात साचते.

हमाल वाढवणारे सर्वांत प्रबळ प्रतिजैविक म्हणजे रिफॅम्पिसिन. क्षयरोगावरील उपचाराचा तो कणाच आहे. निरोगी स्वयंसेवकांना ८ दिवस रोज ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन देऊन नंतर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली असता, शरीराला मिळालेले इमॅटिनिब सुमारे ७४ टक्क्यांनी घटले. म्हणजे चार गोळ्या घ्याव्यात आणि जेमतेम एकीचा गुण यावा, अशी ही स्थिती.

क्षयरोग आपल्या भागात दुर्मीळ नाही आणि त्याचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. त्यात अनेक औषधे एकाच गोळीत एकत्र असल्याने ‘रिफॅम्पिसिन’ हे नाव रुग्णाच्या कानावरही पडत नाही. या औषधाने लघवीला तांबूस रंग येतो, तो घरच्यांच्या लक्षात येतो. इमॅटिनिबचा गुण ओसरत चालला आहे, हे मात्र कोणत्याही रंगाने कळत नाही. ते कळते पुढच्या रक्ततपासणीत. कधी कधी फार उशिरा.

क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके याच्या उलट वागतात. छातीच्या संसर्गावर दिली जाणारी ही औषधे हमालांचे हात बांधतात. इमॅटिनिब रक्तात साचल्यास डोळ्यांभोवती सूज, उलट्या, पायांत गोळे येणे, रक्तपेशी घटणे असे त्रास वाढू शकतात. त्याच गटातील ॲझिथ्रोमायसिनचा या विकरावर फारच सौम्य परिणाम होतो. मात्र निवड डॉक्टरांनीच करावयाची असते.

बालकांच्या ल्युकेमियातही हाच धडा लागू पडतो. तेथे दीर्घकाळ दिले जाणारे मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. पेनिसिलीन गटातील औषधे हा निचरा मंदावू शकतात, तर को-ट्रायमोक्साझोलमुळे मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम वाढू शकतो. तरीही फुप्फुसांच्या एका गंभीर संसर्गापासून रक्षणासाठी कर्करोगतज्ज्ञ हेच को-ट्रायमोक्साझोल ठरावीक दिवशी, ठरावीक मात्रेत मुद्दाम देतात. म्हणून औषधाचे नाव ऐकून घाबरू नये. ते कोणाच्या देखरेखीखाली चालू आहे, हे पाहावे.

मार्ग आहे

सीएमएलच्या रुग्णास क्षयरोग झाल्यास दोन्ही आजारांवर उपचार शक्य आहेत. रिफॅम्पिसिनऐवजी विकरावर कमी परिणाम करणारे रिफाब्युटिन योजता येते किंवा इमॅटिनिबची मात्रा वाढवून रक्ततपासणी वरचेवर करता येते. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही त्याचा प्रभाव सुमारे दोन आठवडे रेंगाळतो. त्यानंतर वाढवलेली मात्रा पुन्हा उतरवावी लागते. हे निर्णय दोन्ही डॉक्टरांनी परस्परांशी बोलून घ्यावयाचे असतात.

कुटुंबीयांना आमची विनंती

१. कर्करोगाच्या उपचाराची फाईल व चालू औषधांची यादी प्रत्येक दवाखान्यात सोबत न्यावी. साध्या तापासाठी गेलात तरीही.
२. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नये.
३. क्षयरोगाचे औषध सुरू होण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना दूरध्वनीवरून कळवावे. ते आधीच सुरू झाले असल्यास त्याच दिवशी कळवावे.
४. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. अर्धवट सोडलेला क्षयरोगाचा उपचारही तितकाच घातक ठरतो.
५. ल्युकेमियाच्या रुग्णास ताप आल्यास वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. परस्परपरिणामाच्या भीतीने प्रतिजैविक टाळणे, हे त्याहून मोठे संकट होय.

विश्वस्त व दात्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, महागडे यंत्र डोळ्यांना दिसते. रुग्णाच्या औषधांची यादी शांतपणे वाचून पाहणारा औषधनिर्माता किंवा परिचारिका सहसा दिसत नाही. तरीही दात्यांनी दिलेल्या गोळीचा गुण राखण्याचे काम त्या दहा मिनिटांत होत असते. त्या दहा मिनिटांसाठीही आपले पाठबळ असू द्यावे, ही नम्र प्रार्थना.